पाणी कमी प्यायलं, हे किडनीला कोण कळवतं?

मे महिन्यात लातूरहून पुण्याला बसने येत होते. शेजारी पन्नाशीच्या एक मावशी, लेकीकडे निघालेल्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याची लिटरची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. बार्शी गेलं, टेंभुर्णी गेलं. खिडकीतून भट्टीसारख्या झळा येत होत्या, पण बाटलीचं झाकण काही उघडलं नाही. इंदापूरच्या पुढे मी माझी बाटली त्यांच्यापुढे धरली तेव्हा म्हणाल्या, "नको बाई. पानी पिलं की उतरावं लागतंय, अन् उतरून जायचं कुठं?"

हे एकट्या मावशींचं नाही. बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, फडातल्या ऊसतोड बायका, बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या, स्वच्छतागृह नसलेल्या शाळेतल्या शिक्षिका हेच करतात. उन्हाळा लागला की उष्माघाताच्या बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीखाली "भरपूर पाणी प्या" एवढं एक वाक्य असतं. पाणी मिळालंच नाही तर शरीर काय करतं, ते मात्र कुणी सांगत नाही. मी जीवशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकात उत्सर्जन एका धड्यात असतं आणि संप्रेरकं दुसऱ्याच. मुलं दोन्ही पाठ करतात, पण त्या बसमध्ये मावशींच्या शरीरात हे दोन धडे मिळून काम करत होते. ते काम समजून घेऊ.

## गाळणी नाही, दिवाळीची आवराआवर

किडनी म्हणजे रक्ताची गाळणी, असं आपण सहज म्हणतो. चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा खाली सोडते. किडनीचं काम याच्या जवळजवळ उलटं चालतं.

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आपण एकेक नको असलेली वस्तू शोधत बसत नाही. सगळं सामान खाली उतरवतो, हवं ते परत वर ठेवतो, उरलेलं बाहेर टाकतो. किडनी अगदी असंच करते. रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं आत ठेवून पाणी, मीठ, साखर, युरिया हा टाकाऊ पदार्थ असं सगळं ती आधी बाहेर काढते. मग लांबच लांब बारीक नळ्यांमधून ते वाहत असताना कामाच्या वस्तू उचलून परत रक्तात टाकते. एका किडनीत अशा सुमारे १० लाख नळ्या असतात.

दिवसभरात असं जवळजवळ १८० लिटर द्रव बाहेर काढलं जातं. २० लिटरचे ९ जार डोळ्यांसमोर आणा. त्यातलं ९९ टक्के परत घेतलं जातं आणि दीडेक लिटर लघवी उरते. रक्तातला द्रव भाग जेमतेम ३ लिटर असतो, म्हणजे तोच द्रव रोज साठेक वेळा काढून तपासला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलं दरवर्षी विचारतात. मला तर ही शरीराची सगळ्यात शहाणी युक्ती वाटते. वाईट पदार्थ ओळखून काढायचे असते तर प्रत्येक नव्या पदार्थासाठी नवी ओळख लागली असती. इथे फक्त चांगलं काय, एवढंच ठाऊक असलं की पुरतं. ज्याची ओळख पटली नाही ते आपोआप बाहेर जातं.

पण परत किती घ्यायचं, हे किडनी एकटी ठरवत नाही. ते ठरवणारे निरोप लांबून येतात.

## पाटकरी आणि त्याला येणारा निरोप

या निरोपांना संप्रेरकं म्हणजेच हार्मोन म्हणतात. एका ठिकाणच्या ग्रंथीने किंवा अवयवाने रक्तात सोडलेलं रसायन दुसऱ्या ठिकाणी जाऊन काम करवून घेतं, ते हार्मोन. रक्त सगळीकडे जातं, म्हणून निरोपही सगळीकडे पोचतो. पण ज्या पेशीवर तो ओळखण्याची खूण असते तिलाच तो कळतो.

कालव्याला आवर्तन सुटलं की पाटकरी कोणत्या चारीला किती पाणी द्यायचं ते बघतो आणि शेतकरी रात्री दारं धरतो. एक वाफा भरला की मातीचं दार मोडून पाणी पुढच्याला लावतो. किडनीच्या नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात अशीच दारं असतात, पाणी आत घेण्याची. ती उघडायची की बंद ठेवायची, हा निरोप मेंदूतून येतो. त्याचं नाव व्हॅसोप्रेसिन.

मेंदूच्या तळाशी रक्ताचा दाटपणा सतत मोजणाऱ्या पेशी आहेत. घाम गेला, पाणी आलं नाही, की रक्तातलं पाणी घटतं आणि मीठ दाट होतं. एखाद टक्का फरक पडला तरी या पेशींना तो कळतो आणि व्हॅसोप्रेसिन सुटतं. आपल्याला तहान लागते ती साधारणपणे याच्या थोडी नंतर. म्हणजे आपल्याला जाणीव होण्याआधीच बचत सुरू झालेली असते.

निरोप किडनीत पोचला की नळीच्या भिंतीत पाण्याची दारं बसवली जातात. 'दार' हा शब्द इथे नुसती उपमा नाही. पेशीच्या भिंतीत फक्त पाण्याला वाट देणारी प्रथिनं खरोखरच असतात. ती शोधणारे पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दार उघडलं तरी पाणी आत का जाईल? कैरीच्या फोडींना मीठ लावून तासभर ठेवा, ताटात पाणी सुटतं. मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. किडनीचा आतला भाग असाच मुद्दाम खारट ठेवलेला असतो. दारं उघडली की नळीतलं पाणी त्या खारटपणाकडे खेचलं जातं आणि तिथल्या रक्तवाहिन्या ते परत घेऊन जातात. नळीत उरते थोडी, गडद, उग्र वासाची लघवी. रंग गडद झालाय म्हणजे बहुधा व्हॅसोप्रेसिन कामाला लागलंय. रात्री हे हार्मोन जास्त सुटतं, म्हणून सकाळची पहिली लघवी गडद असते आणि सात तास सलग झोप मिळते. दारूने ते दबतं, म्हणून दारू पिणाऱ्याला वारंवार लघवी होते आणि सकाळी घशाला कोरड पडते.

या बचतीला मर्यादा मात्र आहे. माणसाची किडनी लघवी रक्ताच्या चौपटीच्या आसपास दाट करू शकते, त्यापुढे नाही. रोजचा युरिया आणि मीठ बाहेर टाकायला निदान अर्धा लिटर पाणी लागतंच. ते आपण प्यायलो नाही तर शरीर स्वतःच्या साठ्यातून खर्च करतं.

## दुसरा हिशेब मिठाचा, आणि तो किडनी स्वतः सुरू करते

घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. रानात काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर संध्याकाळी पांढरे डाग वाळलेले दिसतात, ते मिठाचेच. पाणी आणि मीठ दोन्ही घटलं की रक्ताचं एकूण प्रमाण कमी होतं, दाब उतरतो.

हे किडनीला लगेच जाणवतं, कारण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिच्याकडे येतो. दाब उतरला की ती रक्तात रेनिन सोडते. हे रेनिन १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या किडनीत सापडलं. पुढचं काम हातोहात होतं. यकृताने कच्चा माल आधीच रक्तात सोडून ठेवलेला असतो, रेनिन त्याचा तुकडा पाडतं, आणि मुख्यतः फुफ्फुसांतून जाताना त्याचं अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, तहान जागी करतं आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला उठवतं. ती ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, आणि अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं: मीठ धरून ठेव. मीठ राहिलं की त्याच्यामागे पाणीही राहतं.

एका बाटलीचं झाकण उघडलं नाही, तर यकृत, फुफ्फुसं, मेंदू, अधिवृक्क ग्रंथी आणि किडनी अशी पाच ठिकाणं कामाला लागतात. हे शिकवताना माझ्या अंगावर अजूनही शहारा येतो.

अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींनाही हाच निरोप देतं. उन्हात काम करायला लागल्यावर आठ-पंधरा दिवसांत घाम कमी खारट होतो. 'उन्हाची सवय होते' म्हणतात, त्यातला हा एक खरा भाग. म्हणूनच हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नव्या मजुराला जास्त जपायला हवं.

## "घामावाटे विष निघून जातं ना?"

नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, युरिया अगदी थोडा. घामाचं काम अंग गार करणं हे आहे. उलट घाम जास्त गेला की लघवीला पाणी कमी उरतं आणि टाकाऊ पदार्थ बाहेर काढण्याचं खरं काम अवघड होतं. पोटात काही दिवस फक्त रस घेऊन 'किडनी साफ' करण्याचे उपायही असेच निरर्थक आहेत. जो अवयव रक्तातला सगळा द्रव दिवसाला साठ वेळा तपासतो, त्याला आपण बाहेरून काय साफ करणार? ज्यांची किडनी आधीच अशक्त आहे त्यांना असे रस धोक्याचेही ठरतात, कारण फळं-भाज्यांच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. ते बाहेर टाकता आलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात.

## "मग रोज चार लिटर पाणी प्यायचंच?"

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. एसीत बसणारा आणि फडात कोयता चालवणारा यांची गरज एकच कशी असेल? बहुतेक निरोगी माणसांना तहान आणि लघवीचा रंग एवढ्या दोन खुणा पुरतात: फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे पाणी हवं. (ब जीवनसत्त्वाच्या गोळीने येणारा भडक पिवळा रंग यात धरू नका.) म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते, त्यांना आठवणीने पाणी द्यावं लागतं. हृदय किंवा किडनी अशक्त असलेल्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात, त्यांनी तेवढंच प्यावं.

उलटी चूकही होते. निरोगी किडनी तासाला लिटरच्या आसपास जादा पाणी बाहेर काढू शकते. त्याहून जोरात नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, पेशी फुगतात, आणि मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं. पळताना भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेल्यांना हा धोका जास्त होता.

दिवसभर घाम गाळणाऱ्याने म्हणूनच पाण्याबरोबर मीठही घ्यावं. ताक-मीठ, लिंबू-मीठ-साखर, मीठ घातलेली पेज, पन्हं हे आजीचे उपाय शास्त्राला धरून आहेत. जुलाब लागले असतील तर मात्र ओआरएसच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. त्यात साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीत साखर आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून हजारोंना वाचवलं ते याच जोडीच्या जोरावर.

## अंगदुखीची गोळी

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, म्हणून जरा थांबून वाचा.

रक्त कमी पडलं की अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, हे वर आलं. मग किडनीत रक्त नेणारी वाहिनीही आवळेल आणि किडनी उपाशी राहील. तसं होऊ नये म्हणून किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन जागच्या जागी तयार करून स्वतःची वाहिनी उघडी धरते. आपल्या दुखण्यात आणि सुजेतही याच जातीची रसायनं असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या नेमकी तीच बंद करतात. दुखणं थांबतं, पण किडनीचा आधारही निघून जातो.

पाणी भरपूर असताना निरोगी माणसाने एखादी गोळी घेतली तर सहसा बिघडत नाही. पण दिवसभर ऊस तोडून, पाणी न पिता, संध्याकाळी पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि हे रोज? ही अगदी नको ती वेळ असते. ठरलेल्या मात्रेतली पॅरासिटामॉल त्या मानाने किडनीला सुरक्षित. ती गोळीही रोजची होऊ लागली असेल तर डॉक्टरला विचारावं.

याच डायक्लोफेनॅकने आपल्या आकाशातली गिधाडं संपत आणली. गुरांना हे औषध देत. ते गुरू मेलं की त्याचं मांस गिधाडं खात, त्यांच्या किडन्या बंद पडत आणि युरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचत. कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केलं, तोवर काही जातींची ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती. माणसाची किडनी गिधाडाहून पुष्कळ सोशिक आहे. पण सोसण्यालाही हद्द असते.

मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांच्या किडन्या निकामी होताना डॉक्टरांना दिसल्या. उन्हातलं कष्टाचं काम आणि शरीरातलं पाणी पुन्हापुन्हा तुटणं, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तिथे काही मळ्यांवर पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती देणं सुरू झालं, तेव्हा किडनीला होणारी इजा घटलेली दिसली. आपल्याकडे लाखो माणसं दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात. फडाच्या कडेला सावलीचं पाल, पाण्याचं पिंप आणि बायकांसाठी आडोसा असलेलं शौचालय ही माझ्या लेखी किडनीची औषधं आहेत.

## "बीपीच्या गोळीने किडनी जाते म्हणतात"

ही भीती घरोघरी आहे, आणि तिच्यापायी लोक गोळ्या मधेच सोडतात. किडनी खराब करतो तो वाढलेला रक्तदाब. मधुमेहाच्या जोडीने तोच सगळ्यात मोठं कारण आहे. नावाच्या शेवटी '-प्रिल' किंवा '-सार्टन' असलेल्या गोळ्या, जसं एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, वर सांगितलेली अँजिओटेन्सिनची साखळीच तोडतात. त्यामुळे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरचा दाब उतरतो आणि मधुमेहींची किडनी उलट जास्त काळ टिकते. गोळी सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायला मोजतात तो कचरा, पुढे येईलच) थोडं वाढू शकतं. डॉक्टरांना ते अपेक्षित असतं, म्हणून ते पुन्हा तपासायला सांगतात.

सावध राहायचं ते जुलाब-उलट्यांच्या दिवशी. पाणी तुटलंय, बचतीची साखळी औषधाने बंद आहे, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू आणि वरून अंगदुखीची घेतली, तर किडनी एक-दोन दिवसांत बसू शकते. अशा वेळी कोणती गोळी थांबवायची हे फोन करून डॉक्टरला विचारा. मनाने सोडूही नका आणि रेटूही नका.

## "रिपोर्ट नॉर्मल आलाय"

क्रिएटिनिन हा स्नायूंचा रोजचा कचरा. किडनी मंदावली की रक्तात साचतो. पण किडनीत राखीव ताकद इतकी असते की निम्मं काम गेलं तरी हा आकडा कित्येकदा 'नॉर्मल'च्या रेघेत राहतो. किडनी दान करणारा माणूस एका किडनीवर आयुष्य काढतो, ते या राखीव ताकदीवरच. शिवाय अंगावर मांस नसलेल्या वृद्ध बाईत स्नायूच कमी, म्हणून कचराही कमी. तिचा चांगला दिसणारा आकडा फसवा असू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वय धरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती काम करतेय याचा अंदाज) आणि लघवीतलं प्रथिन, दोन्ही वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

किडनीला निरोप येतात तसे ती पाठवतेही, हेही इथेच सांगायला हवं. हाडांच्या मगजाला लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः तिथूनच निघतं आणि ड जीवनसत्त्व कामाला लागण्याची शेवटची पायरी तिथेच पूर्ण होते. म्हणून किडनीच्या रुग्णाचं रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि नुसत्या लोहाच्या गोळीने भागत नाही.

## दाबून धरलेली लघवी

पाणी न पिणाऱ्या बायका बहुतेकदा लघवीही धरून ठेवतात. मूत्राशयात अर्ध्या लिटरच्या आसपास लघवी मावते. ती दाट असेल आणि तासन् तास तुंबून राहिली तर जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून जंतू वर लवकर चढतात. जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो आणि सब्जा घालून पाणी पितो. एका दिवसात थांबली तर ठीक. पण ताप, थंडी, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो किडनीपर्यंत जातो. दाट लघवीत क्षारही लवकर बसतात, मुतखडा होतो तो असा.

संध्याकाळी बस पुण्यात पोचली. मावशींनी उतरल्यावर आधी शौचालय कुठे आहे ते विचारलं. मी पिशवी धरून उभी राहिले. पाचेक मिनिटांनी त्या आल्या, बाकावर बसल्या, बाटलीचं झाकण उघडलं आणि न थांबता पाऊण बाटली प्यायल्या. मग मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "आता बरं वाटलं." पाणी रक्तात पोचायला अजून वेळ होता, बहुतेक सगळं पोटातच होतं. पण घशाखाली गेलेला प्रत्येक घोट मेंदूत मोजला जातो. पाणी येतंय एवढ्या भरवशावर मेंदूने तहान मागे घेतली होती आणि व्हॅसोप्रेसिनही आवरतं घ्यायला सुरुवात केली होती.